कर्ता आणि करण

गेल्या पावसाळ्यात म्हापशाजवळच्या एका देवस्थानाच्या कार्यालयात काही वेळ बसण्याचा आम्हांस योग आला. महाजनांची नामावली नव्याने छापावयाची होती. पूर्वीची नामावली पंचवीसएक वर्षांमागे कोणा उत्साही गृहस्थांनी संगणकावर उतरवून ठेविली होती; तेव्हा तीच उघडावी, मयतांची नावे वगळावी, नव्यांची भर घालावी, आणि छपाईस द्यावी, इतकाच काय तो विचार. चिटणिसांनी ती उघडली. पडद्यावर रोमन अक्षरे, आकडे, स्वल्पविराम, कंस आणि जगात कोठे वापरात नसतील अशी चिन्हे यांचा एक चिखल उभा राहिला. त्यात एकही नाव वाचता येत नव्हते. ज्या अक्षरसंचाच्या आधारे तो मजकूर लिहिला गेला होता तो अक्षरसंच आता कोणाकडे नव्हता, आणि तो विकणाऱ्याचा ठावठिकाणाही कोणास ठाऊक नव्हता.

त्याच खोलीतील लाकडी कपाटात देवस्थानाची जुनी कीर्द होती. मोडीत लिहिलेली, कडा वाळवीने कुरतडलेली, मधूनमधून पाण्याचे डाग पडलेली. आमच्यापैकी कोणासही ती धड वाचता येईना. परंतु शाई जागेवर होती, अक्षर जागेवर होते, आणि मोडी जाणणारा एखादा गृहस्थ शोधून आणला तर तासाभरात त्यातील तेलाचा, फुलांचा आणि पालखीच्या भोयांचा खर्च बोलू लागला असता. शंभर वर्षांपूर्वीचा कागद अशा रीतीने जिवंत, आणि पंचवीस वर्षांपूर्वीचा मुका. हे पाहून आम्ही काही काळ स्तब्ध झालो.

तेथेच हा सर्व प्रकार पाहत एक तरुण उभा होता. पेडण्याकडील मुलगा, शिक्षण संगणकाचे, नोकरी म्हापशास. दोन दिवसांनी तो आमच्या घरी आला आणि म्हणाला, "काका, हें हांव मुळासावन करूंक सोदतां." आम्ही विचारले, "कित्याक?" या एका प्रश्नाचे उत्तर देण्यात त्याचे आणि आमचे पुढे कित्येक रविवार गेले. प्रस्तुत लेख हा त्या रविवारांचाच काहीसा विस्कळीत हिशेब आहे.

त्याला काय करावयाचे होते ते आधी सांगितले पाहिजे. लेख, पत्रे, पावत्या, नामावल्या, जत्रेच्या पत्रिका लिहिण्याजुळविण्याची एक आज्ञावली त्याला स्वतः रचावयाची होती. बाजारात अशा आज्ञावल्या आहेत, फुकटही आहेत. पण त्याला ती सी भाषेत, तळापासून, शक्य तितके उसने न घेता लिहावयाची होती. सी ही भाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. संगणकाच्या भाषांत तिचे स्थान फार खालचे, म्हणजे यंत्राच्या अगदी जवळचे मानतात. अलीकडच्या भाषांत लिहिणाऱ्याच्या मागून एक अदृश्य झाडूवाला फिरत असतो; लिहिणाऱ्याने वापरून टाकलेली स्मृतीची जागा तोच झाडून मोकळी करतो. सी भाषेत असा चाकर नाही. यंत्राकडून जितकी स्मृती मागून घ्याल तितकी आठवणीने परत करावी लागते. परत करण्यास विसरलात तर आज्ञावली हळूहळू सुजत जाते. आणि परत केलेल्या जागेला पुन्हा हात लावलात तर कोणत्या क्षणी काय होईल याचा नेम नाही. स्मृतीचा भ्रंश झाला असता पुढे काय नष्ट होते हे आमच्या वाचकांस निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. उसने घेतलेले वेळेवर परत करावे, आणि परत केलेल्यावर हक्क सांगू नये, हा आमच्या आजीच्या घरातील नियम एका यंत्राच्या भाषेत भेटला याचे आम्हांस कौतुक वाटले.

आता या उद्योगावर आक्षेप घेणारे पुष्कळ होते. देवस्थानचे एक वडीलधारे महाजन तर स्पष्टच म्हणाले की, वहाण पाहिजे म्हणून कोणी गाय पाळीत नाही. बाजारात जे तयार मिळते ते नव्याने करण्यात दोन वर्षे घालविणे हा अहंकार होय. आणि देवाच्या कामाच्या निमित्ताने केलेला अहंकार तर दुप्पट अहंकार होय. हा आक्षेप हलका नाही. आम्ही स्वतः कित्येक दिवस त्याच मताचे होतो. परंतु त्याचा विचार करता करता आमचे मन मागे गेले, आणि आमच्याच भूमीतील एका जुन्या अडचणीपाशी येऊन थांबले.

हिंदुस्थानातील पहिला छापखाना गोव्यात, १५५६ साली आला, हे सर्वश्रुत आहे. तो वस्तुतः आफ्रिकेतील हबसाणाकडे जावयाचा होता. वाटेत येथे राहिला. ज्या राजवटीत आमची देवळे पाडली गेली आणि देवांस रातोरात खाडी ओलांडून न्यावे लागले त्याच राजवटीत तो आला. तेव्हा त्याविषयी आमच्या मनात ममत्व नाही. पण त्याच्या इतिहासात एक गोष्ट विलक्षण आहे. 'क्रिस्तपुराण' लिहिणारे फादर स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या वरिष्ठांस पत्र लिहिले. त्यात, या देशाच्या भाषेत व लिपीत पुस्तके छापावी अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, परंतु युरोपातील चोवीस अक्षरांच्या जागी येथे सुमारे सहाशे साचे ओतावे लागतील, आणि ते अशक्यप्राय दिसते, असे त्यांनी कळविले. पुढे १६१६ साली रायतुरास त्यांचे मराठी पुराण छापले गेले ते रोमन अक्षरांत. कै. अनंत काकबा प्रियोळकर यांनी हिंदुस्थानातील मुद्रणावरील आपल्या १९५८ च्या इंग्रजी ग्रंथात हा सर्व वृत्तांत दिला आहे. भाषा होती, कवी होता, यंत्र होते, कागद होता. फक्त खिळे पाडणारा हात नव्हता. तेवढ्याकरिता आमच्या भाषेस परक्या लिपीचा अंगरखा घालावा लागला, आणि तो किती काळ अंगावर राहिला हे गोव्यातील वाचकांस सांगावयास नको.

प्रियोळकरांच्याच ग्रंथात सुरतेच्या भीमजी पारेख यांची हकीकत आहे. जुने ब्राह्मणी ग्रंथ छापावे अशी या व्यापाऱ्याची हौस. त्यांनी इंग्रजांच्या कंपनीकरवी विलायतेहून मुद्रक मागविला, तो १६७४ साली आला. पण तो केवळ छापणारा निघाला. अक्षरे कोरणे त्यास ठाऊक नव्हते. पैसा देऊन माणूस आणता येतो, परंतु विद्येचा जो थर आपल्यास लागतो तोच थर त्याच्यापाशी असेल असे नाही.

या दोन अपयशांपुढे गणपत कृष्णाजी यांचे चरित्र ठेवून पाहावे. मुंबईतील हा भंडारी समाजातील मनुष्य अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करीत होता. तेथे शिळाछाप पाहून त्याच्या मनाने घेतले की आपले धर्मग्रंथही असे छापावे. त्याने घरी स्वतः यंत्र उभे केले. छापण्याजोगे दगड शोधले. शाई कशी होते हे कोणी सांगेना, म्हणून नाना द्रव्ये कालवून, पुन्हा पुन्हा फसून, ती स्वतःच सिद्ध केली. १८३१ साली, म्हणजे शके १७५३ चे, मराठी पंचांग त्याने छापून काढले. पुढे शिळाछापावर न थांबता त्याने खिळेही स्वतः पाडले. त्या काळच्या वैदिकांस छापील ग्रंथाचा विटाळ वाटे, कारण शाईत चरबी असल्याची शंका. त्यावर गणपत कृष्णाजींनी तुपात केलेली शाई वापरून पोथ्या छापल्या, असे सांगतात.

या तुपाच्या शाईपाशी आम्ही पुष्कळ वेळ थांबलो. ज्याने शाई विकत घेतली असती त्याला ती बदलता आली नसती. दुकानदाराने म्हटले असते, घ्यावयाची तर ही घ्या, नाही तर राहू द्या. ज्याला शाईचे मूळ ठाऊक होते, कोणते द्रव्य कशासाठी पडते हे ज्याच्या हाताला माहीत होते, त्यालाच आपल्या समाजाची अडचण, मग ती आज आपणांस भोळी वाटो, ऐकून घेऊन तिचे उत्तर द्रव्यात देता आले. मुळापासून करण्याचे समर्थन अहंकारात नाही, ते येथे आहे असे आम्हांस वाटते. वरवर जाणणारा मनुष्य लोकांस आपल्या साधनाप्रमाणे वाकावयास सांगतो; मूळ जाणणारा साधन लोकांप्रमाणे वाकवू शकतो. वाकवीलच असे मात्र नाही. पुढे त्याच मिशनच्या छापखान्यात खालच्या कामापासून आरंभ केलेल्या जावजी दादाजींनी १८६४ साली टाइप ओतण्याचा कारखाना आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि संस्कृत पोथ्यांचे निर्णयसागरी देवनागरी वळण काशीपासून आमच्या गावच्या भटजींच्या पडवीपर्यंत पोचले. स्टीफन्ससाहेबांचे सहाशे साचे अखेर आमच्याच लोकांनी पाडले.

परंतु एवढ्याने तरुणाचा पक्ष सिद्ध होत नाही. "मी मुळापासून करीन" या वाक्यातील मूळ कोठे आहे, हे त्यास विचारणे भाग होते.

डिचोलीचा कुंभार घट स्वतः घडवितो असे आपण म्हणतो. पण माती त्याने केली नाही. ती शेताने दिली. चाक सुताराने दिले, हाताचे वळण बापाने दिले. आमच्या तरुणाचेही असेच. सी भाषा रिचींची. ती यंत्राज्ञांत उतरविणारी आज्ञावली दुसऱ्यांची. यंत्र तर कोठल्या कोठे, कोणा अज्ञात हातांनी केलेले. आणि देवनागरी चितारावयाची म्हणजे काही सामान्य काम नव्हे. आपण 'कि' लिहितो तेव्हा संगणकाच्या पोटात आधी क असतो, मागून वेलांटी. डोळ्यांपुढे मात्र वेलांटी आधी यावी लागते. रफार उच्चारात आधी, चित्रात शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर. जोडाक्षरांचे तर विचारूच नये. हे सर्व जुळवून देणारे हार्फबझ नावाचे एक मोफत भांडार आहे. जगातील असंख्य संगणकांवर आणि दूरध्वनींवर तेच मुकाट्याने राबते. ते घ्यावे, की तेही स्वतः लिहावे? घेतले तर 'मुळापासून' हा शब्द खोटा होतो. न घेतले तर आणखी काही वर्षे त्यात जातात, आणि शेवटी पदरी पडते ते त्याहून कच्चेच.

गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, नाना प्रकारची करणे, वेगवेगळ्या चेष्टा, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ आपल्यासच कर्ता समजतो त्याची दृष्टी शुद्ध नव्हे, असेही तेथे लगेच म्हटले आहे. आम्ही हे त्या तरुणासमोर काढले तेव्हा तो थोडा चिडला. म्हणाला, "मग काहीच करू नये काय?" तसा अर्थ मुळीच नाही. त्या पाचांत कर्ता वगळलेला नाही. तो पाचांपैकी एक आहे, एवढेच. आणि करणांची गणना कर्त्याहून निराळी केली आहे, हेही ध्यानात धरण्याजोगे आहे. आपले करण काय, ते कोणाचे, ते कसे चालते, हे जो जाणतो तो आपल्या कर्तेपणाची मर्यादाही जाणतो. तयार वस्तू वापरणाऱ्यास ती मर्यादा दिसतच नाही. बटण दाबले की पत्र उमटते, आणि त्याला वाटते, मीच लिहिले. गमतीची गोष्ट अशी की, तळापर्यंत उतरलेल्या माणसाला आपण किती थोडे केले हे कळण्याचा संभव अधिक. त्या मुलाच्या बाबतीत निदान तसे झाले. तीन महिने जोडाक्षरांशी झुंजून त्याने ते भांडार घेतले. घेताना मात्र ते कसे चालते हे वाचून, समजून घेतले. आणि आपल्या आज्ञावलीच्या पहिल्याच पानावर ते करणाऱ्यांची नावे लिहिली. हा पराभव आहे असे त्याचे मित्र म्हणाले. आम्हांस तसे वाटले नाही.

अहंकाराच्या प्रश्नाचे उत्तर मात्र याने पुरते मिळत नाही. डोनाल्ड कनूथ यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. स्टॅनफर्ड येथील या गणितज्ञास १९७७ साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते पाहून इतका उबग आला की, त्यांनी स्वतःचा ग्रंथ बाजूस ठेवून अक्षरे जुळविण्याची आज्ञावलीच रचावयास घेतली. सुटीच्या एका वर्षात उरकेल अशा समजुतीने धरलेले काम सुमारे दहा वर्षे चालले. त्यांनी ते जगास मोफत दिले, त्यातील चूक दाखविणाऱ्यास पदरचे बक्षीस देत राहिले, आणि एक विचित्र नियम घालून दिला. या आज्ञावलीत नवे काही भरावयाचे नाही, केवळ चुका दुरुस्त करावयाच्या. प्रत्येक दुरुस्तीबरोबर तिचा क्रमांक वर्तुळाच्या परिघ-व्यास गुणोत्तराकडे, म्हणजे पायकडे, एकेक अंकाने सरकावयाचा. २०२१ पासून तो ३.१४१५९२६५३ असा आहे. आपल्या मृत्यूनंतर तो क्रमांक पायच होईल, आणि त्यानंतर सापडलेल्या चुका या चुका न मानता त्या वस्तूचे गुणधर्म मानावे, असे त्यांनी लिहून ठेविले आहे. आपल्या कृतीला मरणाची तारीख आपणच नेमून देणारा कर्ता विरळा. टेकच्या पायावर फ्रान्स व्हेल्थुइस नावाच्या एका डच गृहस्थांनी १९९१ साली देवनागरी उभी केली, आणि पुष्कळ संस्कृत पाठ त्या मार्गाने छापले गेले. कनूथ यांनी आपले काम गुप्त ठेविले असते तर हे घडते ना.

उलट उदाहरणही आहे. रॉब बार्नबी यांनी १९७८ साली वर्डस्टार नावाची लेखनाची आज्ञावली एकट्याने, यंत्राच्या आज्ञा एकेक मांडून रचली. सीहूनही खालच्या थरावर. काही वर्षे तिने जग गाजविले. आज तिच्यात लिहिलेले जुने कागद उघडावयाचे तर ते दुसऱ्या रूपात नेण्याची खटपट करावी लागते. कर्त्याच्या कौशल्यात उणीव नव्हती; त्याची विद्या त्या यंत्रापुरती आणि त्या काळापुरती होती.

आता आम्ही खऱ्या प्रश्नापाशी येतो; आणि हा प्रश्न त्या वडीलधाऱ्या महाजनांनी नव्हे, त्यांच्या सुनेने उपस्थित केला. ती म्हणाली, "आज आपण अडकलो कारण अक्षरसंच करणारा नाहीसा झाला. उद्या हा मुलगा दुबईस गेला, तर?" सभेत शांतता पसरली. सारे जण स्वातंत्र्य, स्वावलंबन, स्वदेशी असे मोठे शब्द वापरीत होते. पण स्वातंत्र्य कोणाचे, हे कोणी विचारले नव्हते. मुलगा व्यापाऱ्यापासून स्वतंत्र होईल. देवस्थान मात्र व्यापाऱ्याच्या हातून सुटून मुलाच्या हाती जाईल. व्यापाऱ्यावर निदान पावती दाखवून दावा लावता येतो. गावच्या मुलावर कोण लावणार?

आमचे मत येथे पालटले, आणि ते पालटलेलेच राहिले आहे. मुळापासून करण्याचा अधिकार ज्याला हवा असेल त्याने त्या मुळाची वाट इतरांस मोकळी करून दिली पाहिजे. एरवी त्याचे स्वावलंबन म्हणजे दुसऱ्यांचे परावलंबन. आपल्याकडे कित्येक देवस्थानांत दागिन्यांच्या पेटीला एकाहून अधिक किल्ल्या असतात, आणि त्या निरनिराळ्या हातांत असतात. मुखत्यार कितीही सचोटीचा असला तरी सर्व किल्ल्या त्याच्याकडे देत नाहीत, आणि त्यात त्यास अपमान वाटत नाही. तीच रीत येथे लागू करावी असे आम्ही सुचविले. मजकूर साठवावयाचा तो युनिकोडच्या साध्या अक्षरांत, म्हणजे १९९१ पासून जगाने मान्य केलेल्या त्या सर्वांच्या क्रमांकांत. जेणेकरून मुलाची आज्ञावली उद्या नष्ट झाली तरी कोणत्याही संगणकावर नावे नावेच दिसतील. आज्ञावलीचा मूळ पाठ देवस्थानाच्या दप्तरी, छापून, बांधून ठेवावयाचा. आणि गावातील आणखी दोघांस तरी ती समजावून द्यावयाची. शेवटची अट मुलास सर्वांत जड गेली. लिहिणे त्याला आवडत होते, शिकविणे नव्हे. प्रामाणिकपणे सांगावयाचे तर, आम्हांसही आमच्या तरुणपणी आपले कौशल्य दुसऱ्यास दाखविताना हात आखडल्यासारखा होत असे.

जुनी नामावली कशी परत मिळाली हेही सांगून टाकतो. तो चिखल वस्तुतः अर्थहीन नव्हता. त्या काळचे अक्षरसंच रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवीत. कोठे अर्धा त, कोठे नुसता काना. कोणत्या चिन्हामागे कोणता तुकडा हे कळले की मजकूर उलगडतो. त्याच काळी छापलेल्या नामावलीची एक प्रत डिचोलीच्या एका महाजनांच्या घरी देव्हाऱ्याखालच्या खणात सापडली. ती शेजारी ठेवून मुलाने एकेक चिन्ह ओळखले आणि तक्ता केला. म्हणजे संगणकातील कागद अखेर छापील कागदाने वाचविला.

बोडगेश्वराच्या जत्रेच्या सुमारास पहिला नमुना तयार झाला. सात-आठ पानांची छपाई घेऊन मुलगा आला. आम्ही चष्मा पुसून वाचू लागलो. नावे ठीक होती, गोत्रे ठीक होती, वर्गणीचे आकडे जुळत होते. शेवटच्या पानावर देवळाच्या पायऱ्यांच्या दुरुस्तीसाठी आलेल्या देणग्यांची यादी होती, आणि तेथे 'पायऱ्या' या शब्दातील र चा आडवा फराटा जाऊन त्या जागी य च्या डोक्यावर रफार चढला होता, 'आचार्या'सारखा. मराठीचा हा बारीक भेद त्याच्या ध्यानी आला नव्हता, किंवा आला असून निसटला होता. आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातून येऊन, पदराला हात पुसत, नेमके त्या शब्दावर बोट ठेवले. मुलाने कागद घेतला, खिशातून पेन्सिल काढून शब्दाभोवती गोल केला, आणि चहा तसाच ठेवून तो घरी गेला.